पंचेचाळिशीच्या आत

फाटकातून गाडी आत घालणार, तेवढ्यात मला ग्लेनची पांढरी पिकअप दिसली.

मॉरीनच्या वर्कशॉपच्या दारात ती सावलीला लावलेली होती. डाव्या बाजूला कांगारू धडकून पडलेला पोचा होता आणि त्या बाजूचा नवा दिवा मीच महिन्याभरापूर्वी बसवला होता. ओळखण्यात चूक होणं शक्यच नव्हतं. शेजारी ग्लेन स्वतः उभा होता, टोपी मागे सारून मॉरीनशी काहीतरी बोलत होता. माझ्या गाडीचा आवाज ऐकून त्याने मान वळवली.

मी ब्रेक दाबला. त्याने मला बघितलं. मग मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि आलो तसाच पळालो.

"काय झालं? आत का नाही गेलासा?" शेजारी बसलेल्या पद्मजाने विचारलं.

"मालक आहे तिथं."

"कुठला मालक?"

"आपलाच. ग्लेन."

मागच्या सीटवर आमची नऊ वर्षांची समृद्धी म्हणाली, "पप्पा, तुम्ही आईस्क्रीम घेऊन देणार होतासा." पद्मजाने मागे हात नेऊन नुसता तिचा गुडघा दाबला.

ही गोष्ट पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅरिंगा नावाच्या गावची. गाव कसलं, एक रस्ता, गव्हाच्या दोन उंच कोठ्या आणि सगळीकडे शेतं. मी भरतेश चौगुले, मूळचा तासगावचा. आयटीआय करून सांगलीत ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये पंधरा-सोळा वर्षं काढली आणि मग ग्लेन हॅचरने मला इथे आणलं. एका कंपनीचे ट्रॅक्टर, हार्वेस्टर विकायचं आणि शेतकऱ्यांचे दुरुस्त करायचं त्याचं वर्कशॉप होतं. माझा व्हिसा त्याच्या नावावर होता, म्हणजे मी त्याच्याकडे काम करतो तोवरच या देशात राहू शकत होतो. काम सुटलं तर साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर चालू पडायचं.

तेव्हाचा नियम असा होता की एकाच मालकाकडे तीन वर्षं पुरी झाली की तो मालक कायमच्या रहिवासासाठी तुमचं नाव पुढे करू शकायचा. मालक बदलला की आधीची वर्षं पुसली जायची आणि नव्याकडे पहिल्यापासून तीन वर्षं भरावी लागायची. शिवाय अर्ज करताना वय पंचेचाळिशीच्या आत हवं. माझी ग्लेनकडे अडीच वर्षं झाली होती आणि मला बेचाळिसावं लागलं होतं. सहा महिने कळ काढली की सुटलो, एवढं एकच गणित आमच्या घरात चालायचं.

मग मी मॉरीनकडे गेलोच कशाला होतो?

कारण भीती वाटत होती. ग्लेन मुळातच कमी बोलणारा माणूस, पण त्या वर्षी तो पार बोलेनासा झाला होता. सुटे भाग यायला उशीर व्हायला लागला. नोव्हेंबरची सुगी तोंडावर आली तरी अंगणात मागच्या वर्षीच्या निम्मीसुद्धा यंत्रं नव्हती. आणि मार्चमध्ये त्याने टेंडाईला काढलं. टेंडाई झिम्बाब्वेचा, आमचा वेल्डर. एका सकाळी ग्लेनने त्याला म्हटलं, "तुझी हत्यारं घे आणि गाडीत बस." दोघं गेले, दुपारी ग्लेन एकटाच परत आला. टेंडाईचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आम्ही म्हणजे मी आणि रोमेल.

रोमेल फिलिपिन्सचा. वय एकोणतीस, माझ्यासारखाच ग्लेनच्या व्हिसावर आलेला, माझ्या आधी चार महिने. तो मला 'कुया' म्हणायचा. त्यांच्याकडे थोरल्या भावाला तसं म्हणतात. वर्कशॉपच्या मागे एका कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, एकटा राहायचा आणि रविवारी आमच्याकडे जेवायचा. भाकरी त्याला इतकी आवडायची की पद्मजाने त्याला थापायलाही शिकवली होती. त्याची भाकरी तव्यावर टाकताना हमखास तुटायची आणि समृद्धी खो-खो हसायची.

अशात गुरुवारी मला मॉरीनचा फोन आला. मिल्डोरा हे शेजारचं गाव, गाडीने तासाभरावर. तिथे तिचं आमच्यापेक्षा मोठं वर्कशॉप होतं. "तुझं काम चांगलं आहे असं ऐकलंय. शनिवारी येऊन भेटशील? कामाबद्दल बोलायचंय. तूर्त कुणाला सांगू नकोस." माझं नाव हिला कुणी सांगितलं, हे विचारायचं मला सुचलंही नाही. बुडायला लागलं तर धरायला काहीतरी असावं, एवढाच विचार केला. ग्लेनला सांगितलं, मुलीला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय. तो "बरं" म्हणाला.

आणि शनिवारी तोच तिच्या दारात उभा.

रविवारी रोमेल जेवायला आला नाही. बरं वाटत नाही, असा त्याचा निरोप आला. मला हायसंच वाटलं. त्याच्यासमोर तोंड लपवणं अवघड गेलं असतं.

पद्मजा दिवसभर काहीतरी पुसत होती. दुपारी बघतो तर तिने कपाटावरच्या मोठ्या बॅगा खाली काढल्या होत्या.

"हे काय करायलीस?"

"धूळ बसलीया. पुसून ठेवते."

"पद्मा, बॅगा वर ठेव."

"तुम्ही फोन करा की त्यांना. सांगा, चूक झाली. आम्ही कुठं जाणार नाही, म्हणावं. पाया पडा पाहिजे तर."

"इथं पाया पडतात होय?"

"मग काय करतात इथं?" तिचा आवाज एकदम चढला. "टेंडाईचं बघितलासा नव्हं? एका सकाळीत माणूस गायब! त्याची बायको मला दुकानात भेटायची. ती दुसऱ्या आठवड्यापासनं दिसलीच नाही. कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही."

समृद्धी दारात येऊन उभी राहिली. "आपण सांगलीला चाललोय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग बॅगा का काढल्यात?"

मी बॅगा उचलून वर ठेवल्या. एक बॅग घसरून माझ्याच खांद्यावर आपटली. सांगलीच्या वर्कशॉपमध्ये माझ्या जागी माझा धाकटा भाऊ लागला होता. तासगावचं घर भाड्याने दिलेलं होतं. पोरगी मराठी वाचायची विसरत चालली होती. परत जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं, हेच माझ्या डोळ्यांपुढे येत नव्हतं.

फोन मी दोनदा हातात घेतला, पण लावला नाही.

सोमवारी सकाळी वर्कशॉपला पोचलो. रोमेल एका ट्रॅक्टरखाली आडवा होता. एरवी तो कामात सतत गुणगुणायचा, पण गेले काही दिवस तेही बंद होतं. मी "बरा आहेस का?" म्हटलं, तर त्याने बाहेर न येता नुसता अंगठा दाखवला.

ग्लेन ऑफिसमधून बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला. रागावलाय की काय, हे त्या उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावरून मला कधीच कळलं नाही. तेव्हाही कळलं नाही.

"तुझी हत्यारं घे," तो म्हणाला, "आणि गाडीत बस."

हत्यारांची पेटी तशी जड. रोज एकटा उचलायचो. त्या दिवशी उचलेना. रोमेल ट्रॅक्टरखालून बाहेर आला, दुसरी कडी धरली. आम्ही दोघांनी मिळून पेटी पिकअपच्या मागे ठेवली. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"रोमेल," मी हळूच म्हणालो, "पद्मजाला फोन कर. सांग..."

"जा, कुया," तो म्हणाला.

गाडी गावाबाहेर पडली. ग्लेनने रेडिओ लावला नाही. दोन्ही बाजूंना पिवळा पडत आलेला गहू होता आणि मध्ये तो सरळसोट रस्ता. मी मनात वाक्यं जुळवत होतो. इंग्रजी माझं बेताचंच.

"ग्लेन, शनिवारी मी..."

"नंतर."

"तू मला टेंडाईसारखं..."

"नंतर म्हटलं ना."

फाट्यावर गाडी उजवीकडे वळली आणि माझ्या लक्षात आलं की आपण मिल्डोराला चाललोय. म्हणजे हा मला मॉरीनच्या समोर उभा करणार. तिच्या तोंडून वदवून घेणार, हा माणूस तुझ्याकडे चोरून आला होता की नाही. मग दोघंही मला नको म्हणणार. एवढ्याशा मुलखात मालक असे कितीसे? एकाने दुसऱ्याला सांगितलं की झालं. समृद्धीच्या शाळेत काय सांगायचं, सामान कुणाला विकायचं, तासगावात भाडेकरूला कसं उठवायचं, असं सगळं डोक्यात एकदम गर्दी करत होतं. एका खाऱ्या, कोरड्या तळ्याजवळून गाडी गेली तेव्हा मी काच खाली सारली. तोंड बाहेर काढून वारा घेतला. ग्लेनने माझ्याकडे बघितलं, गाडीचा वेग कमी केला.

मॉरीन दारातच उभी होती. साठीची, धिप्पाड बाई, तेलकट चौकडीचा शर्ट. तिने 'ये' नाही की 'बस' नाही, एका हार्वेस्टरकडे बोट दाखवलं. "पुढचा भाग वर जातो आणि आपोआप खाली बसतो. बघ काय ते."

मी ग्लेनकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

मी पेटी उघडली. काम समोर आलं की हात आपोआप चालतात, तेवढं एक बरं. आधी वर उचललेल्या भागाला आधाराचे खांब लावले, नीट बसलेत का ते हलवून बघितलं, मगच खाली गेलो. दोघंही वर उभे राहून बघत होते. मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. ते काहीतरी कुजबुजत होते. तो भाग उचलणाऱ्या तेलाच्या सिलेंडरमध्ये गळती नव्हती. दोष पुढे निघाला, एका झडपेत. आत कचरा अडकला होता. साफ केली, बसवली, यंत्र चालवून दाखवलं. पुढचा भाग वर गेला आणि वरच राहिला.

मॉरीन ग्लेनला म्हणाली, "आधी खांब लावले याने. माझी पोरं न लावताच खाली घुसतात." मग माझ्याकडे वळली. "शनिवारी आलास आणि पळालास का रे?"

ग्लेनच बोलला.

"माझी गाडी बघून पळाला. त्याला आधी सांगायला हवं होतं." त्याने टोपी काढली. टोपीशिवाय तो एकदम म्हातारा दिसला. "भरतेश, माझं वर्कशॉप बंद होतंय. ज्या कंपनीची यंत्रं मी विकतो, त्यांनी एजन्सी काढून घेतली. नाताळपर्यंत कसंबसं रेटेन."

मला अर्थ लागायला वेळ लागला. "पण माझे सहाच महिने उरलेत, ग्लेन."

"माहीत आहे. पण माझ्याकडे सहा महिने नाहीत."

तिथे मग त्याने सगळं सांगितलं. बोलायची सवय नसलेल्या माणसासारखं, अडखळत, जमिनीकडे बघत. एजन्सी जाणार ही कुणकुण त्याला वर्षाच्या सुरुवातीलाच लागली होती. बातमी फुटली असती तर शेतकऱ्यांनी आहेत तीही यंत्रं दुसरीकडे नेली असती आणि दुकान सुगीआधीच बसलं असतं. म्हणून तो कुणाशी बोलला नाही. टेंडाईला त्याने काढलं नव्हतं. आपल्या ओळखीच्या एका खाणवाल्याकडे स्वतः नेऊन लावून दिलं होतं. त्यालाही गप्प राहायला सांगितलं होतं. आणि गुरुवारचा मॉरीनचा फोन ग्लेनच्याच सांगण्यावरून आला होता.

"तू आजच पाय काढलास तर इथे तीन वर्षं भरतात," तो म्हणाला. "मी हिशेब केलाय. पंचेचाळिशीच्या आत बसतोस, थोडक्यात का होईना. नाताळनंतर दुसरा मालक शोधत बसलास तर नाही बसायचास. तुझा व्हिसा मॉरीनच्या नावावर करायचे कागद मंजूर होईपर्यंत मी माझं दार उघडं ठेवतो."

"आणि रोमेल?" मी विचारलं.

ग्लेनने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"माझ्याकडे जागा एकच आहे," मॉरीन म्हणाली. "मला दोघांचं नाही जमायचं."

"रोमेलचं मी बघतोय," ग्लेन म्हणाला. "तू त्याच्याशी बोलू नकोस. उद्यापर्यंत हो किंवा नाही एवढं सांग."

परतीच्या वाटेवर मी हुंदके देत होतो आणि ग्लेन समोर बघून गाडी चालवत होता. सुटलो म्हणून रडू येत होतं, की अडीच वर्षं पाण्यात गेली म्हणून, की अजून तीन वर्षं असंच जीव मुठीत धरून काढायची म्हणून, ते माझं मलाही कळत नव्हतं. मध्येच त्याने एक फडकं माझ्याकडे सरकवलं. ग्रीसचा वास येत होता त्याला.

घरी न जाता मी थेट रोमेलच्या कॅरव्हॅनकडे गेलो. ग्लेनने सांगू नकोस म्हटलं होतं, पण आमच्या घरात जेवणाऱ्या पोराला अंधारात ठेवून मी मॉरीनकडे कसा जाणार होतो? दोघांनी मिळून काहीतरी मार्ग काढू, असं मनात होतं. नाहीतर निदान त्याचं नाव आधी पुढे करू. तो माझ्याआधी आला होता, हक्क त्याचा होता.

ऊन कलत होतं. तो पायरीवर बसून बूट घासत होता.

"रोमेल, वर्कशॉप बंद होतंय."

"माहीत आहे, कुया."

"मॉरीनकडे जागा आहे. एकच."

"तेही माहीत आहे." त्याने बूट खाली ठेवला. "ग्लेनने मला आधी विचारलं होतं. दोन आठवडे झाले."

मी उभाच होतो. "मग?"

"मी तुझं वय विचारलं. त्याने तुझी फाइल बघून सांगितलं. मी म्हटलं, मग त्याला द्या. मी एकोणतीस वर्षांचा आहे. रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहीन. तुझ्या तोंडावर दार बंद व्हायला आलंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाला असतास."

"अरे, पण तुझी तीन वर्षं भरायला दोनच महिने राहिलेत!"

"ते दोन महिने ग्लेनकडे भरायला हवेत, आणि नंतर कागद मंजूर होईपर्यंत दुकान चालू हवं. तोवर ग्लेन उरणारच नाही."

"तरी आपण मॉरीनला पुन्हा विचारू. मी सांगतो तिला, की रोमेल..."

"कुया." त्याने माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी स्वतःच्याच भीतीत होतो, म्हणून मला दिसलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं साचलं होतं, ओठ फुटले होते. हात दोन गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते त्याने. "मलाही भीती वाटते. घरी चार माणसं माझ्यावर आहेत. दोन आठवडे मी झोपलेलो नाही. काल जेवायला आलो नाही, कारण आलो असतो तर रडलो असतो. तू आता जास्त बोलू नकोस. बोललास तर माझं मन फिरेल."

मला खूप बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं.

मग मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. बराच वेळ बसलो, आणि एक शब्दही बोललो नाही. पद्मजाचा फोन वाजत राहिला. शेवटी तो उचलून मी एवढंच म्हणालो, "काम आहे आपल्याला. बॅगा नको काढू." पलीकडे ती रडायला लागली. रोमेल ते ऐकत होता. त्याने दुसरा बूट उचलला आणि घासायला घेतला.

डिसेंबरमध्ये मॉरीनचे कागद मंजूर झाले आणि आम्ही मिल्डोराला गेलो. ग्लेनने नाताळच्या आठवड्यात वर्कशॉपला कुलूप लावलं. रोमेलसाठी त्याने सात-आठ ठिकाणी फोन केले होते, मॉरीननेही केले. कुणी जानेवारीनंतर बघू म्हणालं, कुणी नुसतंच बघू म्हणालं. साठ दिवस संपायच्या आत रोमेल त्याच्या गावी इलोइलोला परत गेला. मी त्याला पर्थच्या विमानतळावर सोडायला गेलो. पद्मजाने भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. तो म्हणाला, "या तरी तुटल्या नाहीत." आणि आत गेला.

पुढची तीन वर्षं मी कशी काढली ते सांगता येत नाही. मॉरीन चांगली बाई, पण तिने नुसती हाक मारली तरी मी हातातला पाना टाकून धावत जायचो. तिला एकदा साधा खोकला झाला तर मी रात्रभर जागा. अर्ज केला तेव्हा पंचेचाळीस पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. मंजुरीचा ईमेल आला तेव्हा मी शेतात होतो, एका बंद पडलेल्या ट्रॅक्टरपाशी. पद्मजाने फोनवर तो तीनदा वाचून दाखवला. समृद्धी मागून इंग्रजीत ओरडत होती.

तिचा फोन ठेवला आणि रोमेलला लावला. तो तेव्हा सौदीत होता, बंदरावरच्या क्रेन दुरुस्त करायचा. तिथल्या गोंगाटात त्याला आधी ऐकूच येईना. मी ओरडून सांगितलं.

मला वाटलं, लाइन तुटली.

"अर्ज कधी केला होतास, कुया?" मग त्याने विचारलं. "पंचेचाळिशीला किती महिने होते?"

"चार."

"चारच?"

"चारच."

मागे भोंगा वाजला. कुणीतरी त्याला हाक मारत होतं.

"मग बरोबर केलं आपण," रोमेल म्हणाला आणि कामाला गेला.